मनगटातला कच्चा टाका

येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या दिवशी सकाळी दहानंतर लातुरात फिरून बघा. गंजगोलाईची बाजारपेठ शांत, दुकानांना कुलपं, रिक्षा नाही, चहाची टपरी नाही. जिल्ह्याला सुट्टीच असते आणि सगळं शहर शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी-उंडे खात असतं. अशा दिवशी हात मोडू नये. माझा मोडला, मनगटात, आणि हाड जुळेपर्यंत त्यात तारा घालाव्या लागल्या.

त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक बाईनं तेच विचारलं. तारा घालताना दुखतं का? काढताना? हात पहिल्यासारखा होतो का? ब्लाउजचं माप घेता घेता शंभरदा सांगून झालं, आता एकदा लिहूनच काढते. मी डॉक्टर नाही, शिवणकाम करते. वय ५२. उजव्या हातानं काम करणारी, आणि मोडला तोही उजवाच.

३० डिसेंबर २०२४, सोमवार. आमचं शेत औसा तालुक्यात. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, माझ्याच डोक्यावर होतं. बांधावरून उतरताना ढेकळावर पाय मुरगळला, तोल गेला आणि बिंदगं सावरायच्या नादात उजवा तळहात जमिनीवर आपटला. कट् असा बारीक आवाज आला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. सासूबाई आधी म्हणाल्या, "अगं माय, आंबील सांडली की!" मग त्यांचं लक्ष हाताकडं गेलं आणि त्या गप्पच झाल्या. मनगटाच्या वर उंचवटा, पुढं खळगा, पंजा मागं सरकलेला. डॉक्टर लोक म्हणे याला जेवायच्या काट्याची उपमा देतात. आमच्या घरात काटे कुठले? मला तो हात वाकलेल्या उलथण्यासारखा दिसला.

पुढच्या दहा मिनिटांत नणंदबाईनं जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सूज चढायच्या आधी तिनं माझा हात रिकामा केला. हिरव्या बांगड्या रुमाल गुंडाळून दाबून वाढवल्या, पाटली आंबिलीच्याच ओशटपणावर सरकवून काढली, अंगठी दोरा गुंडाळून फिरवत काढली. तासाभरानंतर ती निघाली नसती, कापावी लागली असती. मग कोपीच्या कडब्यातली ज्वारीची दोन जाड ताटं, म्हणजे धाटं, काढली, मनगटाच्या वर-खाली धरली आणि ओढणीनं बांधून हात गळ्यात अडकवला. संध्याकाळी डॉक्टरांनी ती ताटं पाहून विचारलं, "हे कुणी बांधलं? चांगलं बांधलंय."

शेजारच्या कोपीतले एक मामा आग्रह करत होते की जवळच्या गावात हाड बसवणारा आहे, तेल लावून एका झटक्यात बसवतो. त्यांचा हेतू चांगला होता. पण आमच्या गल्लीतल्या एका पोराचं कोपर असं चोळून घेतल्यावर आज अर्धंच वाकतं, ते मी रोज बघते. नको म्हटलं.

डॉक्टर मिळायला संध्याकाळचे सहा वाजले. आमच्या ह्यांनी आठ-दहा फोन केले, तेव्हा एक खासगी दवाखाना उघडायला तयार झाला. एक्स-रे झाला. अंगठ्याच्या बाजूचं जाड हाड, रेडियस, मनगटापासून बोटभर वर तुटून मागं ढकललं गेलं होतं. "कोलिस फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले. कोलिस नावाच्या डब्लिनच्या सर्जननं १८१४ मध्ये याचं वर्णन लिहून ठेवलं, असं मुलीनं नंतर सांगितलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ ला. म्हणजे नुसता हात चाचपून त्या माणसानं ओळखलं होतं. मला हे फार आवडलं. आम्ही शिंपीही कापड डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त ओळखतो.

तुटलेल्या जागीच बधिर करायचं इंजेक्शन दिलं, एकानं कोपराजवळ धरलं, डॉक्टरांनी बोटं धरून ओढलं. बधिर केलेलं असूनही डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग अर्ध्या बाजूचं प्लास्टर, ज्याला ते स्लॅब म्हणतात, आणि वरून पट्टी. फी ३००, एक्स-रे ५००, हाड बसवणं आणि प्लास्टर मिळून २५००, गोळ्या ६४०.

त्या रात्रीची गोष्ट मुद्दाम लिहिते. एक वाजता बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या आणि मनगटापेक्षा बोटांतच ठणका लागला. दवाखान्यात फोन केला तर राखणदार म्हणाला, सकाळी या. मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती ऐकेना. मोटारसायकलवर तिघं गेलो, दार वाजवलं, कंपाउंडरला उठवलं. त्यानं वरची पट्टी लांबीनं कापून सैल केली आणि पाच मिनिटांत बोटांचा रंग परतला. प्लास्टरनंतर बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, सरळ करताना जीव जायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. राखणदार काहीही म्हणो.

आठवडाभर हात उशीवर, छातीपेक्षा उंच. ६ जानेवारीला पुन्हा एक्स-रे आणि डॉक्टरांचा चेहरा पाहूनच कळलं. बसवलेलं हाड परत घसरलं होतं. मागच्या बाजूला हाडाचा चुरा झालेला, त्याला आधार उरला नाही, म्हणून टोक पुन्हा खचलं. त्यात बायकांची पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, हे मी तोवर नुसतं ऐकून होते.

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. आहे तसं जुळू द्यायचं: हात वाकडा दिसेल, जोर कमी येईल. बाहेरून तारा घालायच्या: तीसेक हजार. किंवा चीर देऊन आत धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, आणि स्क्रू: ऐंशी हजारांपर्यंत. "मी तर प्लेटच सांगेन," असंही म्हणाले. वाकड्या हातानं भाकरी थापता आली असती कदाचित. पण कात्री? मशीनचं चाक उजव्या बाजूला असतं, मुंढ्याचा गोल कापताना मनगट वळतं. लग्नसराई तोंडावर आणि कपाटात बायकांची कापडं पडलेली.

घरी आल्यावर मुलगी रात्रभर मोबाईल घेऊन बसली. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर मोठे अभ्यास झालेत. एक २०१४ सालचा: अठरा दवाखाने, ४६१ रुग्ण, अर्ध्यांना तारा, अर्ध्यांना प्लेट. वर्षभरानं दोन्हीकडच्या लोकांचे हात जवळपास सारखेच चालत होते, आणि तारांचं काम स्वस्तात आणि कमी वेळात झालं होतं. अट एवढीच की हाड चीर न देता, बाहेरून ओढून जागेवर येणारं हवं. सांध्याची आतली बाजूच फुटून विस्कटली असेल तर गोष्ट वेगळी. दुसरा २०२२ चा, पाचशे लोकांचा: ओढून बसवल्यावर काहींना नुसतं प्लास्टर, काहींना तारा. वर्षानं तेही सारखेच. पण नुसत्या प्लास्टरवाल्यांतल्या शंभरातल्या तेरांचं हाड सहा आठवड्यांच्या आत घसरलं आणि ऑपरेशन करावं लागलं. "आई, तू त्या तेरांतली," मुलगी म्हणाली. शंभरातली तेरावी व्हायला माझीच पाळी आली होती.

प्लेट वाईट असं मी म्हणत नाही. प्लेटवाल्यांचा हात लवकर मोकळा होतो, हे मी पुढं फिजिओकडं स्वतः पाहिलं. पण वर्षानं दोघी एकाच जागी पोचणार असतील तर पन्नास हजार जास्त घालायचे कुठून, हा आमचा प्रश्न होता.

७ जानेवारीला सकाळी आठलाच महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू असलेल्या रुग्णालयात गेलो. ओपीडीचा केसपेपर काढला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, तारा घालून काम होईल म्हणाले. पण आणखी आठवडा गेला तर हाड चुकीच्या जागी चिकटायला लागतं, तेव्हा कागद लवकर करा. "आजी, आरोग्यमित्राकडं जा." आजी! हात मोडल्यापेक्षा ते जास्त लागलं.

आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्याच्या, खिडकीवर एक चुणचुणीत मुलगी होती. आधार, केशरी रेशनकार्ड, एक्स-रे, डॉक्टरांचा कागद, सगळं बघून तिनं मान हलवली. "मावशी, नाव जुळंना." लग्नात सासरी माझं नाव बदललं. रेशनकार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं. तीस वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं, नेमकं आता अडलं. लग्नाचा दाखला? आमच्या वेळी कोण काढत होतं. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी माझं जुनं मतदान कार्ड सापडलं, त्यावर सासरचं नाव आणि माझाच फोटो. ते, आधार, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं स्वघोषणापत्र, असं सगळं जोडल्यावर तिचं समाधान झालं. स्वघोषणापत्राखाली सही करायला हात कुठाय? डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. चौथीला अक्षरात पहिला नंबर होता माझा.

हे वाचणाऱ्या बायकांनो, आज घरी गेल्यावर रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नावं बघा. हात धड असताना बघा. झेरॉक्सचे पाच-सहा संच करून ठेवा, आधारला जोडलेला मोबाईल सोबत न्या, ओटीपी त्यावरच येतो. माझा नंबर मुलाच्या बंद पडलेल्या सिमचा होता, त्यात आणखी अर्धा दिवस गेला. अडलं तर योजनेचा १५५३८८ हा नंबर आहे, आम्ही दोनदा लावला, एकदा उपयोग झाला.

अपघाताची केस म्हणून पोलीस नोंदही मागितली. दवाखान्यातल्या चौकीत हवालदारसाहेबांनी विचारलं, कशा पडलाव? येळवसेला शेतात जाताना बांधावरून, मी म्हटलं. त्यांनी लिहिलं आणि मान वर करून विचारलं, "आंबील सगळी सांडली का?" सगळी, मी म्हटलं. त्यांनी चुकचुक केलं आणि शिक्का मारला.

मंजुरी ९ तारखेला संध्याकाळी आली. तोवर रक्त, शुगर, ईसीजी झालं होतं. रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही.

१० जानेवारी, शुक्रवार. पूर्ण भूल दिली नाही. गळपट्टीच्या हाडाजवळ सुई देऊन अख्खा हात बधिर केला. आधी ऊब, मग मुंग्या, मग हात माझा उरलाच नाही. टेबलावर पडलेली ती कुणाची तरी वस्तू. मध्ये हिरवा पडदा. पलीकडं डॉक्टर बोटं ओढत होते, सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर हाड दिसत होतं आणि मान वळवली की मलाही दिसत होतं. मग ड्रिलचा आवाज, भिंतीत खुंटी ठोकायच्या आधी येतो तसला. दुखलं नाही, फक्त खांद्यापर्यंत थरथर आली. तीन तारा गेल्या. दोन अंगठ्याच्या बाजूनं, एक मागून. सायकलच्या तारेपेक्षा बारीक, माझ्या सोळा नंबरच्या सुईपेक्षा जाड. किर्शनर नावाच्या जर्मन सर्जननं १९०९ मध्ये ही तार आणली म्हणून तिला के-वायर म्हणतात. वॉर्डात सगळे तारा नाहीतर पिनाच म्हणतात.

मी डॉक्टरांना विचारलं, या तारा हाड धरून ठेवतात का कायम? ते म्हणाले, "नाही मावशी, हाड आपलं आपण जुळतं. तार फक्त ते जुळेपर्यंत हलू देत नाही." त्यावर मी म्हटलं, म्हणजे कच्चा टाका. बाही जोडताना आम्ही आधी लांब लांब हातटाके घालतो, कापड सरकू नये म्हणून. पक्की शिलाई पडली की कच्चा टाका ओढून काढायचा. डॉक्टर हसले. बहुतेक शिवणकाम करणारी आई असणार त्यांची, कारण पुढं प्रत्येक तपासणीला ते म्हणायचे, "काय मावशी, टाका कसाय?"

पाऊण तासात मी बाहेर होते. खरं दुखणं रात्री आलं. बधिरपणा आठ तासांनी उतरला आणि तेव्हाच गोळीची वेळ टळून गेली होती. बधिरपणा उतरायच्या आधीच गोळी घ्या, नर्सबाईंना आठवण करून द्या. आणि बधिर हात झोळीत नीट बांधून ठेवा, माझा एकदा खाटेच्या दांड्यावर आपटला आणि मला कळलंही नाही.

१३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी सुट्टी मिळाली. ऑपरेशन, तारा, औषधं, जेवण, एक पैसा लागला नाही. सुट्टीनंतर दहा दिवसांची औषधंही योजनेतूनच. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तिळगुळापेक्षा सल्ले जास्त दिले. हाडजोडीचा पाला बांध, डिंक खा, हात अजिबात हलवू नकोस. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात घातक. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून उलटं बजावलं होतं: मनगट हलवायचं नाही, पण बोटं, कोपर आणि खांदा दर तासाला. मूठ घट्ट, मग पूर्ण उघडी. अंगठ्याचं टोक प्रत्येक बोटाला. हात डोक्याच्या वर. फिजिओकडं मला एक बाई भेटल्या, त्यांचं मनगट जुळलं होतं छान, पण झोळीतून हात न काढल्यामुळं खांदा धरला होता. त्या मनगटासाठी नाही, खांद्यासाठी येत होत्या.

तारांची टोकं कातडीच्या बाहेर वाकवून ठेवलेली असतात. दर शुक्रवारी ड्रेसिंग. ३१ जानेवारीच्या ड्रेसिंगला मागच्या तारेभोवती लाली आणि थोडा चिकट पू दिसला. पाच दिवस गोळ्या, एक दिवसाआड ड्रेसिंग, तेवढ्यावर भागलं. हे तारांमध्ये होतं, अनेकांना होतं, घाबरायचं नाही आणि लपवायचंही नाही. चूक माझी होती: अंघोळीला पिशवी बांधताना एकच पदर बांधला, पाणी गेलं, आणि ओरडा नको म्हणून मी बोलले नाही. दोन पिशव्या, वर टॉवेलची घडी आणि रबर. हात बादलीच्या उलट बाजूला.

अंगठ्यामागं रुपयाएवढी जागा बधिर होती. तिथून एक बारीक नस जाते, तिला तार घासते. ती जागा एप्रिलपर्यंत हळूहळू जागी झाली. अंगठा एकाएकी सरळ वर उचलता येईना झाला तर लगेच या, कारण तो उचलणारी दोरीसारखी शीर तारेवर किंवा हाडावर घासून तुटू शकते, असंही सांगितलं होतं. मी महिनाभर रोज सकाळी उठून आधी अंगठा उचलून बघत होते, मग देवाला हात जोडत होते. एका हातानं.

पहिल्या आठवड्यांत सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? केस. वेणी घालता येत नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांनी दीड महिना माझी वेणी घातली, रोज घट्ट, लहान पोरीला घालतात तशी. साडी सोडून पुढून बटणाचे गाऊन घातले. ते मीच शिवले होते, गिऱ्हाईकांसाठी.

१४ फेब्रुवारी, तारा काढायचा दिवस. पाच आठवडे झाले होते. एक्स-रेत नवीन हाडाची धुरकट सावली दिसत होती. मी गृहीत धरलं होतं की पुन्हा बधिर करतील. डॉक्टरांनी ओपीडीतच खुर्चीवर बसवलं, हात टेबलावर, आणि ट्रेमधून चक्क पक्कड काढली. म्हटलं, डॉक्टर, इंजेक्शन? "मावशी, इंजेक्शनच जास्त दुखेल." पहिल्या तारेला त्यांनी टोकाला धरून थोडं इकडं-तिकडं वळवलं आणि ओढलं. दुखणं म्हणवत नाही त्याला. हाडाच्या आतून काहीतरी सरकत जातंय, दाताच्या मुळाशी शिरशिरी यावी तसं, तीन-चार सेकंद. दुसरी सहज आली. मागची, जिला पू झाला होता, ती अडली. तिला दोन हिसके लागले आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मुलीनं ऐकलं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. मग चिमूटभर रक्त, कापूस, पट्टी. उठताना चक्कर आली, तेव्हा उपाशीपोटी जाऊ नका आणि एकट्या जाऊ नका. तारा मी मागून घेतल्या, धुऊन दिल्या त्यांनी. हुकांच्या डबीत आहेत.

प्लास्टर निघाल्यावर हात बघून रडू आलं. मनगट काडीसारखं, कातडी मगरीची, वर लांब लांब केस. हे सगळ्यांना होतं, पण कुणी आधी सांगत नाही. मी सांगते. महिनाभरात जातं.

इथून पुढं खरी लढाई, आणि इथंच लोक सोडून देतात. तारा निघाल्या म्हणजे झालं असं वाटतं. माझं मनगट वर जेमतेम वीस अंश, खाली पंधरा, आणि तळहात आभाळाकडं तर होतच नव्हता. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराला गेले. पुजाऱ्यांनी तीर्थाची पळी पुढं केली, मी उजवा हात पुढं केला आणि तळहात वळेचना. आडवाच राहिला. तीर्थ करंगळीवरून खाली गेलं. मागं रांग. मी डावा पुढं केला तर ते म्हणाले, "उजवा, बाई, उजवा." काय सांगणार? मुलीनं तिच्या उजव्या हातात घेतलं आणि मला पाजलं.

फिजिओचे अठरा दिवस, दर खेपेला दोनशे. गरम मेणात हात बुडवायचे, मग मनगट ताणायचं. घरी कोमट पाण्यात दिवसातून तीनदा. तळहात वळवायला त्यांनी हातोडी धरायला सांगितली. मी टोकाला चाक लावलेलं खुणेचं हत्यार धरायची, मग लाटणं, मग खरंच हातोडी. एक टोक धरून हळूहळू बाहेर झुकू द्यायचं, वजनानं मनगट वळतं. दुखणं दोन प्रकारचं असतं हे तिथं शिकले: ताण दिल्यावर येणारं आणि अर्ध्या तासात जाणारं, ते चालेल. रात्रभर ठणकणारं, हात लाल-गरम-चकचकीत करणारं, ते डॉक्टरांना दाखवायचं.

डॉक्टरांनीच सुचवलं म्हणून ड जीवनसत्त्व तपासलं (११००), ११ आलं, फारच कमी. हाडांची घनता तपासली (१८००), टी-स्कोर उणे २.७. उणे अडीचच्या खाली म्हणजे हाडं ठिसूळ. ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक पुडी दोन महिने, आणि आठवड्याला एक गोळी जी सकाळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हात मोडला नसता तर हे कळलं नसतं आणि पुढच्या खेपेला खुबा मोडला असता. पन्नाशीच्या पुढं साध्या पडण्यानं मनगट मोडलेल्या बाईनं ही तपासणी करून घ्यावीच.

११ एप्रिलच्या एक्स-रेत हाड जुळलेलं होतं. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, पहिला ब्लाउज कापला. जुन्या लोखंडी कात्रीनं नाही, हलकी आणली. पुढचा गळा जमला, मुंढ्याला आल्यावर हात थांबला, टेबलाभोवती मीच फिरले आणि कापड तसंच ठेवून कापलं. वेळ लागला. पण बाही बसली.

हिशेब विचारतात म्हणून: पहिल्या दवाखान्याचं आणि दुसऱ्या एक्स-रेचं साडेचार हजारांच्या आत, झोळी आणि मनगटपट्टा ६३०, झेरॉक्स आणि रिक्षा दोनेक हजार, फिजिओ ३६००, तपासण्या २९००. मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास. यात बुडालेली लग्नसराई धरलेली नाही. साठेक ब्लाउज परत दिले, काही गिऱ्हाईकं परत आली नाहीत. काज-बटणाला ठेवलेल्या पोरीचा पगार वेगळा. ती आता कटिंगही करते आणि माझ्यापेक्षा वेगानं करते.

आज साडेसहा महिन्यांनी हात कुठं आहे ते खरं सांगते. वर जवळजवळ डाव्याइतका जातो, खाली थोडा कमी. पिळणं जड जातं: ओली चादर अजून सून पिळते. मूठ फिजिओच्या यंत्रावर डाव्याच्या पाऊणपट भरली. तळहात वळतो, तीर्थ राहतं. ढगाळ हवेत सकाळी मनगट आखडतं. बाहेरच्या बाजूचं हाड थोडं उंच दिसतं, ते तसंच राहणार म्हणाले.

गेल्या आठवड्यात पंचमीच्या बांगड्या भरायला कासाराकडं गेले. डाव्या हातात माझं नेहमीचं माप सरकन गेलं. उजव्याला त्यानं तेच घेतलं, बोटं दाबली, अंगठा मुडपला, मनगटावर येऊन बांगडी अडली. तो दाबायला लागला तसं मी म्हटलं, थांबा, एक माप मोठं काढा. "काकू, दोन हातांना दोन मापं?" हो, म्हटलं, सहा डाव्याला, सहा उजव्याला, वेगवेगळ्या बांधा. त्यानं दोन पुड्या केल्या आणि उजव्याच्या पुडीवर पेननं फुली मारली.